अध्यक्षांच्या हातची भाकर

१९ फेब्रुवारी, सोमवार

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, "आजी, रक्तदाब फार वाढलाय. भांडू नका. जे बोलावंसं वाटतं ते लिहून काढत जा." त्रेसष्ट वर्षांच्या बाईला आजी म्हणते. सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी, पण ती पुढे कधीतरी.

माझ्या खानावळीत बसून लिहितेय. धक्क्यावर वारा आहे, गिऱ्हाईक नाही.

काल रविवार होता. फादर जिन पलीकडे किनाऱ्यावर राहतात आणि आमच्या बेटावर पंधरवड्यातून एकदा बोटीने येतात. मधल्या रविवारी आमच्या चर्चचे अध्यक्ष योम प्रार्थना चालवतात. फादरांनी आधीच्या मिस्सात, म्हणजे मोठ्या उपासनेत, पवित्र करून पितळी पेटीत ठेवलेली भाकर तेच आम्हाला देतात. कित्येक वर्षं असंच चाललंय आणि मला कधी काही खटकलं नाही. काल खटकलं.

दोन आठवड्यांपूर्वी योमच्या बोटीवरून बोनिफासियु समुद्रात पडला. तो सापडला नाही आणि तटरक्षकांनी शोधही थांबवला. काल योम प्रार्थनेत काय म्हणाला? "झालेल्या दुर्घटनेसाठी." बस्स. तिमोरहून आलेला तो पोरगा पाच हिवाळे याचे दोर, समुद्रात ज्यांच्यावर खायचं शेवाळ वाढवतात ते, ओढत होता. आमच्या चर्चमध्ये चुकीच्या कोरियनमध्ये सगळ्यांच्या वर आवाज चढवून गायचा. त्याचं नाव याला घेववलं नाही. लगेच पुढची सूचना छपराच्या गळतीची.

मी रांगेत उभी राहिले. "ख्रिस्ताचं शरीर," योम म्हणाला. माझी बोटं मिटलेली होती. उघडायला गेले तर उघडेनात. मागून माझ्या जावेने, थेरेसाने, कोपर मारलं. मी तशीच वळले आणि बाकावर येऊन बसले.

वादळाचा इशारा रेडिओवर होता, मी याच टेबलाशी बसून ऐकलाय. त्या दिवशी बेटावरून एक बोट बाहेर पडली, ती योमची. पोलिसांना तो म्हणाला, मी जाऊ नका म्हटलं होतं, बोनिफासियु आणि त्याच्या सोबतचा आबेल, दोघं आपल्या मनाने गेले. आपल्या मनाने. मालकाचे दोर वाचवायला, मालकाच्या बोटीने. किल्ली काय उडत गेली त्यांच्या हातात?

२१ फेब्रुवारी

थेरेसा शेवाळ निवडायला आली. आली म्हणजे बोलायला आली, हात नुसते टोपलीत.

"ताई, रविवारचं सगळ्या बेटाला कळलंय."

"कळू दे."

"तुमच्या पोटात दुखत होतं असं मी सांगितलंय."

"माझ्या पोटात काही दुखत नव्हतं."

"मग आता दुखू दे थोडे दिवस. आमचा सगळा माल योमच्या कारखान्यात वाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे."

"आणि बोनिफासियुचं काय?"

तिने टोपली पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "चांगला होता. पण परका होता ना."

टोपली घेऊन घरी जा म्हटलं तिला. एकाच भाकरीतून खाणारा माणूस परका कसा होतो, मला कोणी समजावून सांगेल का?

२५ फेब्रुवारी, रविवार

आज फादरांची पाळी होती, पण ते आजारी; पुन्हा योम. रांगेत गेलेच नाही. बसून बघत राहिले. सगळ्यांना देऊन झाल्यावर त्याने स्वतः घेतलीच नाही. झाकण लावलं, पेटीला किल्ली फिरवली, मोकळा. इतकी घाई. कारखान्यात माल करपत असेल.

आणि पहाटे उठून बोट काढतो. रविवारीसुद्धा. लांब आकडी घेऊन जातो, मी खिडकीतून रोज बघते. दोर किती तुटले ते मोजायला. माणूस गेला तो गेला, दोर सांभाळले पाहिजेत.

दुपारी शेवयांचे दोन वाडगे काढले. आबेल एकटाच आला. एक वाडगा परत फळीवर ठेवला. सवय लागलेली असते हाताला, दुसरं काही नाही.

२ मार्च

आबेल त्या दिवशी बोटीवर होता. बोनिफासियुच्याच देशाचा, त्याच्याहून थोडा मोठा. त्याने पाहिलंय सगळं. म्हटलं, "पोलिसांकडे जा. मी येते बरोबर."

"मावशी, तू यात पडू नकोस."

"गप्प बसून तुझा मित्र परत येणार आहे का?"

"बोलून येणार आहे?"

"त्याच्या नावावर खोटं चाललंय, आबेल."

"पुढच्या वर्षी इथे राहायच्या परवान्यावर मालकाचीच सही लागते. माझी दोन मुलं तिकडे शाळेत आहेत." मग खाली बघून म्हणाला, "आणि माझ्याच्याने ते सांगवत नाही. तुला माहीत नाही."

"तू भित्रा आहेस, हे माहीत आहे मला."

त्याने शेवया संपवल्या, वाडगा स्वतः धुतला, पालथा घातला आणि गेला. बरं झालं बोलले. कोणीतरी बोलायला हवं होतं.

३ मार्च, रविवार

फादर आले. मिस्सात शांतीचं अभिवादन करतात तेव्हा योम माझ्याकडे वळून वाकला. मी समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले. फादरांच्या हातूनही भाकर घेतली नाही. पंगत एकच आहे. मला त्या पंगतीलाच बसायचं नाही.

नंतर फादर खानावळीत जेवायला आले.

"ताई, कोणाच्या हातून येते यावर तिचं पावित्र्य ठरत नाही. माझे हात तरी कुठे स्वच्छ आहेत."

"तुमच्या हातांनी कोणाला वादळात पाठवलं नाही."

"ते ठरलेलं नाही अजून. मी योमना विचारलं. ते उठून गेले."

"मग अजून काय ठरायचंय? फादर, तुम्हीच शिकवता ना, एका भाकरीतून खातो म्हणून आपण सगळे मिळून एक शरीर. मग त्या शरीरातला एक समुद्रात गेला तर बाकीच्यांना दुखायला नको? इथे छपराची गळती दुखते."

फादर वाडग्यात जेवणाच्या काड्या फिरवत बसले. "तुम्हाला दुखतंय, ते दिसतंय मला."

"मला दुखत नाहीये. मला राग आलाय."

"बरं."

ते 'बरं' मला अजिबात आवडलं नाही.

१० मार्च, रविवार

आज बोलले.

सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी कोणीही उभं राहून प्रार्थना सांगू शकतं. सगळे आपापल्या गुडघ्यांसाठी आणि नातवंडांच्या परीक्षांसाठी सांगतात. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बोनिफासियुसाठी, ज्याला वादळाचा इशारा असताना समुद्रात पाठवलं. आणि ज्याने पाठवलं त्याच्या जिभेसाठी, तिला खरं बोलायची ताकद मिळो."

यावर सगळ्यांनी 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचं असतं. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. एकटे माङ आजोबा, त्यांना ऐकू येत नाही, सवयीने खणखणीत म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

योमने पुस्तकाचा लाकडी स्टँड दोन्ही हातांनी धरला होता. मग पान उलटून पुढचं वाचायला लागला. काय कातडी आहे. भाकर देताना त्याचा आवाजही धड निघत नव्हता, तरी दिली. स्वतः आजही घेतली नाही. माझ्यावरचा राग देवावर काढत असेल.

१४ मार्च

खानावळीत कोणी फिरकत नाही. थेरेसा मागच्या दाराने आली.

"चर्चचं छप्पर कोणी घातलं? भावोजींचं प्रेत दवाखान्यातून आणायला भर थंडीत बोट कोणी दिली? आठवतंय का तुम्हाला?"

"आठवतंय. योमने दिली."

"मग?"

"मग काय? माझ्या नवऱ्यासाठी बोट काढली म्हणून दुसऱ्याच्या पोराला बुडवायची मुभा मिळाली का त्याला?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"मग पुढच्या दाराने ये आणि बोलू नकोस. मागच्या दाराने येऊन तेच बोलतेस."

२ एप्रिल

बोनिफासियुचे वडील आज आले. फादरांनी तिकडच्या फादरांमार्फत बोलावलं होतं. जुस्तिनु नाव. बारीकसा माणूस, माझ्याच वयाचा, अंगात कोणाचा तरी मोठा कोट. मी आतली खोली झाडून ठेवली होती, खालून आग देऊन जमीन तापवली होती, नवी गादी घातली होती. धक्क्यावर आबेलला सांगितलं, त्यांना म्हण, माझ्याकडे चला.

योम तिथे आला होता. ओल्या फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पडला. सगळं बेट बघत होतं. नाटक्या. म्हाताऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आपली पिशवी उचलली, आणि गेला कोणाबरोबर? योमबरोबर.

मी आबेलला झापलं. तो म्हणाला, "त्यांनीच मागितलं, मावशी. बोनिफासियु त्यांच्या घरामागच्या खोलीत राहायचा ना. म्हणाले, मुलगा झोपायचा तिथे मी झोपेन."

हे मला आधी सुचायला हवं होतं. तरी योमने नको म्हणायला पाहिजे होतं. लाज म्हणून काही असते.

५ एप्रिल

आता दोघं मिळून पहाटे बोटीने जातात. पुढे म्हातारा, मागे योम. दोरांची शेती दाखवत असेल, बघा किती मोठी. या माणसाच्या पाहुणचाराला सीमा नाही. चहा कडू लागला म्हणून फेकून दिला.

७ एप्रिल, रविवार

दुपारपासून वही उघडून मिटत होते. आता लिहिते.

सकाळी दाट धुकं. बोट नाही, म्हणजे फादर नाहीत. सगळे जमले होते. जुस्तिनु आणि आबेल पहिल्या बाकावर. योम काळा सूट घालून आला. वाचन झालं, प्रार्थना झाली. त्याने पेटी उघडली, भांडं वेदीवर आणून ठेवलं, वरचं कापड काढलं. आणि हात खाली सोडून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"त्या दिवशी मी त्यांना पाठवलं," तो म्हणाला. "इशारा मी ऐकला होता. आबेल नको म्हणत होता. मी म्हटलं, दोर गेले तर सगळ्यांचं वर्ष जाईल."

आबेल हळू आवाजात म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत सांगत होता.

"पोलिसांना मी खोटं सांगितलं. बोटीवर पाण्यात तरंगवणारं, धड असं एकच जाकीट होतं. दुसरं फाटलेलं, मला माहीत होतं, बदलायचं राहून गेलं होतं. चांगलं होतं ते बोनिफासियुने आबेलला घातलं."

आबेलचा आवाज थांबला. हे वाक्य त्याच्या तोंडून निघेना. योम थांबला. जुस्तिनुने त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. तेव्हा आबेलने ते सांगितलं, आपल्या गुडघ्यांकडे बघत. म्हाताऱ्याचा हात पाठीवर होता तो तिथेच राहिला.

"या हाताने मला आता देववत नाही," योम म्हणाला आणि खाली उतरून बायकोशेजारी बसला.

पेटी उघडी, भांडं उघडं, वेदीपाशी कोणी नाही. माङ आजोबांनी मोठ्याने विचारलं, "काय झालं?" कोणी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, हा माणूस खरं बोलेल तेव्हा मला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

मग जुस्तिनु आबेलशी कुजबुजले. आबेल उठून म्हणाला, "ते म्हणतात, त्यांच्या डोंगरातल्या गावातही फादर कधीमधीच येतात. बाकीच्या रविवारी तिथे तेच देतात. इथे दिली तर चालेल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे का, देव जाणे. मी म्हटलं, "चालेल."

ते बाहेर जाऊन नळावर हात धुऊन आले, कोटाला पुसले. आम्ही रांग केली. एकेक भाकर उंच धरून ते आपल्या भाषेत म्हणत होते. त्यातला एक शब्द येत नव्हता आणि प्रत्येकाला समजत होतं. माझी पाळी आली तेव्हा हात आपोआप उघडला. ज्याच्या मुलाचं शरीर अजून सापडलं नाही, तो माणूस माझ्या हातावर भाकर ठेवून 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणत होता. मी आमेन म्हटलं.

सगळ्यात शेवटी ते योमपाशी गेले. तो मान खाली घालून बसला होता. जुस्तिनु भांडं धरून त्याच्यासमोर उभे राहिले. एक भाकर काढली. योमने मान हलवली, नको. त्यांनी तोंडाजवळ नेली नाही, मागेही घेतली नाही. मग एक वाक्य बोलले.

आबेल म्हणाला, "म्हणतात, आधी पोलिसांकडे जाऊन हेच सांगा. तोपर्यंत ही तुमची मी आत ठेवतो."

त्यांनी ती भांड्यात परत ठेवली, भांडं पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली वेदीवर ठेवून दिली. सगळे बाहेर पडले तरी किल्ली तिथेच. कोणीतरी पाडून ठेवेल म्हणून शेवटी मी उचलली.

९ एप्रिल

काल धुकं उठल्यावर पहिल्या बोटीने योम आणि त्याची बायको वेरोनिका पलीकडे गेले, ठाण्यात. आबेललाही साक्षीला जावं लागणार. तो म्हणाला, जाईन.

जुस्तिनु आज माझ्याकडे जेवायला आले. आबेल मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होता. मी सरळ विचारलं, "तुम्हाला राग येत नाही का हो?"

"येतो."

"मग त्यांच्या घरी कसं जेवलात?"

"तिथे मी झोपलो. जेवलो नाही. आबेल डबा आणायचा."

"आणि बोटीने कुठे जात होता रोज?"

"तो माझ्या मुलाला शोधत होता. मी यायच्या आधीपासून, रोज पहाटे, एकटा, आकडी घेऊन. मी आल्यावर मीही गेलो. आम्ही बोलत नव्हतो."

मी चुलीपाशी उठून गेले. दोन महिने रोज पहाटे खिडकीत उभी राहून त्या माणसाला मी दोरांवरून शिव्या घातल्या. शोधायला जातो हे तोंडाने सांगायला काय झालं होतं त्याला? माणूस सांगत नाही आणि लोकांनी ओळखायचं. संताप येतो.

आबेलच्या वाडग्यात दोन अंडी घातली. त्याने वाडग्यात बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, दोन पडली." मी म्हटलं, "खा गुपचूप."

२१ एप्रिल, रविवार

जुस्तिनु गेले. मुलाचा जाड स्वेटर तेवढा बरोबर नेला.

योमवर खटला भरलाय. निकाल लागेपर्यंत घरी सोडलंय, पण तो दाराबाहेर पडत नाही. आणि बेट? ज्या तोंडांनी मला गप्प बसवलं तीच तोंडं आता त्याच्या नावाने थुंकतात. काल कोणीतरी त्याच्या दारात माशांची आतडी टाकली. थेरेसा म्हणते, "मला पहिल्यापासून संशय होता." मी म्हटलं, "पहिल्यापासून तुझ्या मते माझ्या पोटात दुखत होतं." त्याला चर्चमध्ये पाऊल ठेवू देऊ नये असं चाललंय आता. मी बादली आणि झाडू घेऊन गेले आणि दार धुऊन काढलं. वेरोनिका आतून बघत होती. मी मान वर केली नाही. त्यांच्यासाठी नाही केलं. घाण सहन होत नाही मला.

मिस्सानंतर फादर म्हणाले, "किल्ली तुमच्याकडे आहेच. मधल्या रविवारी तुम्हीच देत जा, ताई."

"मला रक्तदाब आहे."

"त्याला काही होत नाही."

"आणि माझा राग गेलेला नाही, फादर. अशा मनाने कशी देऊ?"

"कोणाचं मन निवळायची वाट बघत बसलो असतो तर ही पेटी आजवर कोणी उघडलीच नसती."

मग ते पेटीतलं बघायला गेले. म्हणाले, "जुनी भाकर फार दिवस ठेवता येत नाही. ती मी आज घेतो, ताज्या ठेवतो."

"घ्या. पण त्याच्यासाठी एक ठेवा."

"पेटीत नेहमी जास्तच असतात, ताई."

"जास्तीच्या वेगळ्या. एक त्याची."

फादरांनी वाद घातला नाही.

१२ मे, रविवार

आज योम आला. वेरोनिकाबरोबर, प्रार्थना सुरू झाल्यावर, शेवटच्या बाकावर. परवा फादरांकडे जाऊन पापकबुली करून आला होता, हे फादरांनी मला फोनवर सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत असावं म्हणून.

दोघं बसले आणि त्या बाकावरचे दोघं उठून पुढे सरकले. त्यात थेरेसाचा नवरा, माझा सख्खा दीर. मी वेदीवरूनच म्हटलं, "बसा होतात तिथे." तो म्हणाला, "वहिनी, त्याच्या बाजूला?" "त्याच्याच बाजूला. त्याने पाठवलं तेव्हा त्याच्या कारखान्यात माल घेऊन तूही जात होतास, मी बोलले तेव्हा तूही तोंड फिरवलं होतंस. आता एकदम अंग चोरून कुठे चाललास?" तो बसला. प्रार्थनेत असं बोलतात का, असं नंतर थेरेसा म्हणाली. बोलतात.

भाकर दिली. हे काम बघायला वाटतं तेवढं सोपं नाही. प्रत्येकाचा हात निराळा, आणि जवळून बघितल्यावर प्रत्येकावर थोडं थोडं रागवावंसं वाटतं. माङ आजोबा 'आमेन' इतक्या मोठ्याने म्हणाले की मी दचकले. आबेलने हात पुढे केले तेव्हा मी शब्द दोनदा म्हटले.

योम रांगेत आला नाही. मी थोडा वेळ थांबले. मग भांडं घेऊन चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले. तो वाळलाय. कॉलर सैल झाली आहे.

"ख्रिस्ताचं शरीर," मी म्हटलं.

त्याचे हात मांडीवरच राहिले. मी तिथून हलणार नव्हते, संध्याकाळ झाली तरी. मग त्याने एका तळव्यावर दुसरा ठेवून हात पुढे केले आणि आमेन म्हणाला, मला ऐकू येईल एवढंच. माझा हात इतका थरथरत होता की भाकर पडेल म्हणून त्याने खालून माझं मनगट धरलं. आम्ही तसेच उभे राहिलो.

राग अजून आहे माझा त्याच्यावर. त्याशिवाय हात असा थरथरत नाही.